प्रत की वाटा?

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर आला की तो कोणीतरी आपोआप तपासून द्यावा, असे कोणत्या शिक्षकाला वाटत नाही? अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एका शाळेत विज्ञान शिकवणारे रेनॉल्ड जॉन्सन नुसते असे वाटून थांबले नाहीत. त्यांनी तसे यंत्रच तयार केले. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. विद्यार्थ्याने योग्य जागी पेन्सिलीने खूण केली असेल तर तेथून वीजप्रवाह जाईल. किती योग्य जागांतून प्रवाह गेला ते मोजले की गुण मिळतील, अशी ती साधी कल्पना. या यंत्रापायी आयबीएम कंपनीने १९३४ साली जॉन्सन यांना नोकरीवर घेतले. पुढे १९५२ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नवी प्रयोगशाळा उभारण्याचे काम कंपनीने त्यांच्यावर सोपवले, आणि या प्रयोगशाळेतून १९५६ साली जगातील पहिली हार्ड डिस्क बाहेर पडली. तिचे नाव रॅमॅक.

आजच्या हार्ड डिस्कशी तुलना केली तर रॅमॅक म्हणजे एक अजस्र कपाटच होते. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक बसवलेल्या असत आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. त्याआधी माहिती छिद्रांच्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवत. फितीच्या मध्यावरची नोंद हवी असेल तर तिच्या आधीची सगळी फीत गुंडाळत न्यावी लागे. रॅमॅकमध्ये एक दांडा हव्या त्या चकतीपर्यंत वर-खाली जाई, मग चकत्यांच्या मधल्या फटीत शिरे आणि थेट हवी ती नोंद वाचे. यासाठी सरासरी सुमारे ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. त्या काळी ही जादूच होती.

पण माणसाला जादूचीही सवय होते. संगणकाचा मेंदू दर काही वर्षांनी अनेक पटींनी वेगवान होत गेला, आणि हार्ड डिस्कची वाट पाहण्यात त्याचा वेळ फुकट जाऊ लागला. ही वाट कशी कमी करावी, यावर गेल्या साठ वर्षांत दोन मोठी उत्तरे निघाली. एक म्हणजे वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत जवळ ठेवणे. दुसरे म्हणजे माहितीचे वाटे करून ते अनेक डिस्कांवर पसरणे. दोन्हींमुळे ‘वेग वाढतो’ असे सर्रास म्हटले जाते. परंतु ही दोन उत्तरे मुळात दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत, आणि ते ओळखले नाही तर पैसे वाया जातात, प्रसंगी माहितीही.

दोन प्रकारचा वेळ

समजा, तुमची शाळा आडगावी आहे आणि मोठे ग्रंथालय तालुक्याला आहे. पुस्तक आणायला मुलगा पाठवला तर एस. टी.ने जाऊन यायला दोन तास लागतात. एक पुस्तक आणायचे असो वा दहा, हे दोन तास लागणारच. हा झाला खेपेचा वेळ. आता एकदम दोनशे पुस्तके हवी आहेत आणि एका मुलाला एका वेळी पन्नासच उचलता येतात. मग चार खेपा लागतील. हा झाला ओझ्याचा प्रश्न.

हार्ड डिस्कचे असेच आहे. माहिती वाचण्यापूर्वी वाचणारे हेड योग्य वर्तुळावर सरकावे लागते, आणि मग चकती फिरत फिरत हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा कधी लगेच येईल, कधी पूर्ण फेऱ्यानंतर. सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागेल. हेड सरकण्याचे आठेक मिलिसेकंद त्यात मिळवले तर प्रत्येक खेपेला सुमारे १२ मिलिसेकंद जातात. अशी डिस्क इकडून-तिकडून विखुरलेल्या नोंदी सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचू शकते.

रॅमॅकच्या ६०० मिलिसेकंदांवरून आपण १२ वर आलो, म्हणजे प्रगती पन्नास पटींची. या काळात साठवणूक किती वाढली? रॅमॅकमध्ये ५० लाख अक्षरे मावत. आज २० टेराबाइटच्या डिस्कमध्ये त्याच्या सुमारे चाळीस लाख पट माहिती मावते. एकीकडे चाळीस लाख पट आणि दुसरीकडे पन्नास पट! याचे कारण सरळ आहे. एका चकतीवर अधिकाधिक बारीक खुणा दाटीने बसवणे हा सूक्ष्म तंत्राचा विषय आहे. पण धातूचा दांडा हलवणे आणि चकती फिरवणे ही यंत्रशास्त्राची कामे आहेत. तेथे वस्तुमान आहे, जडत्व आहे, कंपने आहेत, उष्णता आहे. चकती फार तर मिनिटाला १५,००० फेऱ्यांपर्यंत नेता आली. तेव्हाही अर्ध्या फेऱ्याचे दोन मिलिसेकंद उरलेच.

जवळ ठेवण्याची युक्ती

खेपेचा वेळ कमी होत नसेल तर खेपाच कमी कराव्यात. तालुक्याहून आणलेल्या पुस्तकांपैकी पुन्हा पुन्हा लागणारी शाळेच्या कपाटात ठेवावीत. या युक्तीचा संगणकातला इतिहास हार्ड डिस्कच्या बाजाराशी नव्हे, तर इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांशी जोडलेला आहे.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲटलस नावाचा संगणक बांधला. तो १९६२ साली कार्यान्वित झाला. त्यात वेगवान पण लहान अशी चुंबकीय कड्यांची स्मृती होती आणि तिच्या सहापट माहिती मावणारा, पण संथ असा फिरता चुंबकीय ढोल होता. कार्यक्रम लिहिणाऱ्याला मात्र या दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असे भासे. हवे असलेले पान ढोलावरून वेगवान स्मृतीत आणण्याचे काम यंत्र स्वतः करी. आता नव्या पानाला जागा करायची तर जुन्यांपैकी कोणते हलवायचे? त्यासाठी पानांच्या वापराचा माग ठेवणारा एक कार्यक्रम होता. कोणते पान पुढे बराच काळ लागणार नाही, याचा तो मागील अनुभवावरून अंदाज बांधी.

दुसरे विद्यापीठ केंब्रिज. तेथील मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली जेमतेम दोन पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. मोठ्या संथ स्मृतीपुढे एक लहान वेगवान स्मृती ठेवावी. मागितलेला प्रत्येक शब्द देताना त्याची प्रत या लहान स्मृतीत आपोआप राहावी. पुन्हा तोच शब्द मागितला तर तेथूनच द्यावा, असे त्यांनी सुचवले. तिला त्यांनी दास-स्मृती अशा अर्थाचे नाव दिले होते. आयबीएमच्या १९६८ सालच्या ‘सिस्टिम ३६०, मॉडेल ८५’ या संगणकात ही कल्पना बाजारात आली आणि त्याच सुमारास तिला ‘कॅश’ हे नाव मिळाले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवून ठेवणे. रोख रकमेच्या कॅशशी या शब्दाचा संबंध नाही. तरी खिशातली रोकड आणि बँकेतली ठेव हे उदाहरण मुलांना सांगायला हरकत नाही.

ही युक्ती चालते ती माणसाच्या आणि त्याने लिहिलेल्या कार्यक्रमांच्या स्वभावामुळे. आपण आत्ता वापरलेली वस्तू लवकरच पुन्हा वापरण्याचा संभव अधिक असतो, आणि तिच्या शेजारची वस्तूही. शाळेच्या कार्यालयात दाखल्यांची शेकडो पाने असतात, पण जूनमध्ये हात जातो तो ठरावीक रजिस्टरांकडेच. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या सवयीला शास्त्रीय रूप दिले. प्रत्येक कामाला कोणत्याही ठरावीक काळात माहितीचा एक लहानसाच संच लागतो. तो संच जवळच्या स्मृतीत मावला तर काम सुरळीत चालते, नाही मावला तर यंत्र नुसते आणणे-नेणे करत बसते.

किती फायदा होतो याचे गणित आठवीच्या वर्गातही करता येईल. जवळच्या स्मृतीतून माहिती मिळायला ०.१ मिलिसेकंद लागतो आणि डिस्कवरून १२ मिलिसेकंद, असे धरू. शंभरापैकी ५० वेळा माहिती जवळ सापडली तर सरासरी वेळ सुमारे ६ मिलिसेकंद. म्हणजे वेग दुप्पट. ९० वेळा सापडली तर सुमारे १.३ मिलिसेकंद, वेग नऊपट. ९९ वेळा सापडली तर सुमारे ०.२ मिलिसेकंद, वेग पन्नासपटींहून अधिक. येथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : शेवटच्या नऊ टक्क्यांत एवढा फरक का पडला? कारण उरलेला सगळा वेळ त्या थोड्याशा चुकलेल्या खेपांचाच असतो. म्हणून जवळच्या स्मृतीत काय ठेवावे आणि काय काढावे, हा प्रश्न तिच्या आकाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली याचे आदर्श उत्तर दिले : जे पुढे सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढावे. उत्तर निर्दोष आहे, फक्त त्याला भविष्य ठाऊक असावे लागते! व्यवहारात मग सर्वांत जास्त काळ न वापरलेले काढतात. पण त्यातही एक खोट आहे. एखाद्याने उत्साहाने अख्खे ग्रंथालय एकेकदा चाळायला घेतले तर कपाटातली रोजच्या उपयोगाची पुस्तके हटून तेथे पुन्हा कधी न लागणारी पुस्तके भरतील. यावर आयबीएमच्या आल्माडेन प्रयोगशाळेतील निम्रोद मेगिडो आणि धर्मेंद्र मोधा यांनी २००३ साली एक सुंदर तोड सुचवली. मोधा हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी; १९९० साली त्यांनी तेथून संगणकशास्त्राची पदवी घेतली. त्यांच्या पद्धतीत दोन याद्या असतात : एकदाच मागितलेल्या गोष्टींची एक, आणि निदान दोनदा मागितलेल्यांची दुसरी. काढून टाकलेल्या गोष्टींची नुसती नावेही काही काळ जपून ठेवतात. काढलेलेच पुन्हा मागितले गेले, तर आपण कोणत्या यादीला कमी जागा दिली ते कळते आणि वाटणी आपोआप सुधारते. चुकीतून शिकणारे हे कपाटच म्हणायचे.

वाटून देण्याची युक्ती

आता दुसरी वाट. एका मुलाला चार खेपा लागत असतील तर चार मुले एकदम पाठवावीत. माहितीचे लहान लहान तुकडे करायचे. पहिला पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, असे क्रमाने वाटत जायचे. सगळ्या डिस्कांवर पट्टे ओढल्यासारखी ही रचना दिसते, म्हणून तिला इंग्रजीत स्ट्रायपिंग म्हणतात. प्रिन्स्टन विद्यापीठातील केनेथ सालेम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांचा या विषयावरील लेख १९८६ सालचा आहे.

या कल्पनेला खरे बळ मिळाले ते घरगुती संगणकांमुळे. मोठ्या संगणकांसाठी आयबीएमची ३३८० ही डिस्क होती. तिच्या चकत्या १४ इंचांच्या, आणि त्यात ७,५०० मेगाबाइट माहिती मावे. दुसरीकडे छोट्या संगणकांसाठी कॉनर कंपनी साडेतीन इंची, १०० मेगाबाइटच्या डिस्का बनवू लागली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका लेखात हिशेब मांडला. अशा ७५ छोट्या डिस्का एकत्र केल्या तर साठवण मोठ्या डिस्कएवढीच होते. जागा आणि वीज मात्र कितीतरी कमी लागते, आणि ७५ हेडे एकाच वेळी काम करू शकतात. मग एकच मोठी, महाग डिस्क घ्यावी कशाला?

पण या लेखाचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. वेगाचे आमिष दाखवून झाल्यावर लेखकांनी लगेच दुसरा हिशेब मांडला. छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत होईल. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! आणि माहिती सगळ्यांवर वाटलेली असल्यामुळे एक डिस्क गेली की सगळेच गेले. कोणत्याही धड्याचे प्रत्येक चौथे वाक्य पुसून टाका आणि तो मुलांना वाचायला द्या, म्हणजे नेमके काय होते ते कळेल. संगणकाच्या बाबतीत तर याहूनही वाईट, कारण तुकडे वाक्याएवढे अर्थपूर्ण नसतात.

संभाव्यतेच्या तासाला हे उदाहरण उपयोगी पडेल. एक डिस्क वर्षभर टिकण्याची शक्यता ०.९७ आहे असे माना. दोन डिस्कांवर माहिती वाटली तर दोन्ही टिकायला हव्यात : ०.९७ गुणिले ०.९७, म्हणजे सुमारे ०.९४. चार डिस्का असतील तर सुमारे ०.८९. शंभरात तीनाचा धोका शंभरात अकरावर गेला.

म्हणून बर्कलीच्या लेखाचा मोठा भाग वेग कसा वाढवावा यावर नसून, वाढवलेल्या वेगाची किंमत माहितीने कशी मोजू नये यावर आहे. त्यांची तोड समजायला सोपी आहे. तीन डिस्कांवर १४, ९ आणि २२ हे अंक आहेत. चौथीवर त्यांची बेरीज ४५ लिहून ठेवा. आता तिसरी डिस्क बिघडली तर ४५ मधून १४ आणि ९ वजा करा; २२ परत मिळाले. संगणक बेरजेऐवजी एकांची संख्या सम आहे की विषम एवढेच लिहून ठेवतो, पण तत्त्व हेच. लेखात या संचांना ‘रेड’ असे नाव देऊन पाच प्रकार सांगितले होते. पहिल्यात सरळ दुसरी प्रत ठेवलेली असते. पाचव्यात ही जादा नोंद कोणा एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरती ठेवलेली असते. अशा रचनेत लहानसा बदल करायचा तरी जुना तुकडा वाचा, जुनी नोंद वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशा चार खेपा पडतात. सुरक्षितता फुकट मिळत नाही.

लक्षात घ्या, कोणतीही जादा नोंद न ठेवता नुसते वाटे करणे हा प्रकार त्या पाचांत नव्हताच. त्याला पुढे ‘रेड शून्य’ असे नाव पडले. ‘रेड’ या नावातील पहिले अक्षर इंग्रजीत ‘जादा’ या अर्थाचे आहे. या प्रकारात जादा काहीच नाही, तेव्हा शून्य हा आकडा अगदी चपखल आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाटे केल्याने खेपेचा वेळ कमी झाला का? नाही. चार मुले पाठवली तरी एस. टी. दोन तासच घेते. उलट, एकाच मागणीचे तुकडे चार डिस्कांवर असतील आणि चारही आपापल्या गतीने फिरत असतील, तर सर्वांत उशिरा येणाऱ्यासाठी थांबावे लागते. एका डिस्कसाठी सरासरी अर्धा फेरा थांबायचे, तर चारांसाठी सरासरी चार-पंचमांश फेरा, ४.२ ऐवजी ६.७ मिलिसेकंद. कमी होतो तो ओझ्याचा वेळ. सेकंदाला १५० मेगाबाइट देणाऱ्या डिस्कवरून ३,००० मेगाबाइटची चित्रफीत वाचायला २० सेकंद लागतील. अशा चार डिस्कांवर वाटली असेल तर पाच. शिवाय एकाच वेळी अनेक लोक वेगवेगळ्या नोंदी मागत असतील तर त्यांची रांग चार खिडक्यांवर विभागली जाते. पण एकट्याच माणसाने एकामागून एक छोट्या नोंदी मागितल्या, तर त्याला चार खिडक्यांचा काही उपयोग नाही.

दोन्ही वाटा एकत्र

जवळची स्मृती म्हणजे काय, हे काळानुसार बदलत गेले. ती कितीही चांगली असली तरी महाग असे. किती माहिती जवळ ठेवणे परवडते, याचा हिशेब जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी १९८७ साली केला. त्यांनी तेव्हाच्या किमती घेऊन दाखवले की, जी नोंद पाच मिनिटांत निदान एकदा लागते ती स्मृतीत ठेवावी, त्याहून विरळ लागणारी डिस्कवर राहू द्यावी. हा ‘पाच मिनिटांचा नियम’ प्रसिद्ध आहे.

नियम किमतींवर उभा होता, आणि किमती बदलणारे तंत्र तेव्हा जपानमध्ये जन्मलेही होते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश स्मृतीची माहिती प्रसिद्ध केली. तिचा आज सर्वत्र वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ सालचा. वीज गेली तरी तीत माहिती टिकते, आणि तिच्यात हलणारा एकही भाग नाही. म्हणजे दांडा नाही, फेरा नाही, अर्ध्या फेऱ्याची वाट नाही. १९९१ साली सनडिस्क कंपनीने फ्लॅशची २० मेगाबाइटची ‘डिस्क’ विकली. तिची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. फ्लॅश सामान्य संगणकात यायला मग आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली.

त्या मधल्या काळात, साधारण २००७ ते २०१५ या वर्षांत, आपला प्रश्न घरोघरच्या संगणकांपर्यंत पोहोचला. मोठी फ्लॅश डिस्क परवडत नव्हती, लहान परवडत होती, आणि हार्ड डिस्का स्वस्त झाल्या होत्या. मग आहे त्या पैशांत दोन हार्ड डिस्का घेऊन त्यांवर वाटे करावेत, की एकच घेऊन तिच्यापुढे लहान फ्लॅशची कॅश ठेवावी? इंटेलने २०११ साली आपल्या झेड ६८ संचात कॅशची सोय दिली; त्यात जास्तीत जास्त ६४ गिगाबाइट फ्लॅश कॅश म्हणून वापरता येई. लिनक्समध्ये अशी सोय २०१३ साली आली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएस या प्रणालीने मेगिडो-मोधा यांची कल्पना आधीच उचलली होती, आणि २००८ पासून फ्लॅशची दुसरी पायरीही तिला जोडली होती.

आणि येथेच प्रत आणि वाटा यांतला भेद हाती लागतो. कॅशमध्ये असते ती प्रत. मूळ माहिती हार्ड डिस्कवर जागेवरच असते. कॅश जळून गेली तर संगणक संथ होईल, पण काही हरवणार नाही. नुसत्या वाट्यांत मात्र मूळ असे कोठेच पूर्ण नसते. प्रत्येक डिस्कवर असतो तो हिस्सा, आणि प्रत्येक हिस्सा एकमेव.

या नियमाला एक अपवाद आहे, तो सांगितला पाहिजे. कॅश लिहितानाही वापरता येते. नवी माहिती कॅशमध्ये आणि डिस्कवर एकदमच लिहिली तर प्रत ही प्रतच राहते. पण लिहिणेही वेगवान व्हावे म्हणून माहिती आधी कॅशमध्ये लिहून ‘झाले’ असे कळवायचे आणि डिस्कवर सावकाश उतरवायचे, असाही पर्याय असतो. तो निवडला की तेवढा काळ कॅशमधली माहिती एकमेव होते. हजेरी कच्च्या कागदावर घेतली आणि पटावर उतरवण्यापूर्वीच कागद हरवला, तशी गत. नाव कॅशचेच असले तरी धोका वाट्याचाच असतो.

निवड करताना

यावरून निवडीचे दोन प्रश्न निघतात. पहिला : काम खेपांचे आहे की ओझ्याचे? संगणक सुरू करणे, कार्यक्रम उघडणे, दाखल्यांतून नावे शोधणे ही छोट्या, विखुरलेल्या आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या खेपांची कामे. तेथे प्रत जवळ ठेवल्याचा लाभ मोठा. स्नेहसंमेलनाच्या लांबलचक चित्रफिती कापणे-जोडणे हे ओझ्याचे काम. प्रत्येक भाग एकदाच ओळीने वाचला जातो, त्यामुळे कॅशमध्ये काही पुन्हा सापडत नाही आणि वाटे केल्याचाच उपयोग होतो. दुसरा प्रश्न : यातला एक भाग आज रात्री बंद पडला, तर उद्या सकाळी काय उरेल? या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल तर ती माहिती दुसरीकडेही असलीच पाहिजे. निकालपत्रके आणि दाखल्यांची नोंद नुसत्या वाट्यांवर कधीच ठेवू नये. रेडच्या जादा नोंदीही डिस्क बिघडण्यापासूनच वाचवतात. चुकून पुसलेली फाइल त्या परत देत नाहीत.

आज फ्लॅशच्या डिस्का इतक्या स्वस्त झाल्या आहेत की, घरच्या किंवा शाळेच्या संगणकात बहुधा हार्ड डिस्क काढून फ्लॅशच बसवतात, आणि ही निवड करावीच लागत नाही. म्हणून या दोन कल्पना जुन्या झाल्या असे मात्र नाही. फ्लॅश डिस्क उघडून पाहिली तर आत बऱ्याचदा अनेक चिपा दिसतात, आणि माहिती त्यांच्यावर वाटून एकाच वेळी वाचली-लिहिली जाते. ही वाट्याचीच युक्ती. तिच्यातच थोडा भाग अधिक वेगाने लिहिता येईल असा राखून ठेवलेला असतो. ही जवळ ठेवण्याची. आणि जगातली बरीचशी माहिती ठेवणाऱ्या मोठ्या केंद्रांमध्ये आजही हार्ड डिस्का फिरत आहेत, त्यांच्यापुढे कॅश आहे आणि त्यांच्यामागे जादा नोंदी आहेत.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर एक परिच्छेद चार मुलांच्या वह्यांत ओळीओळीने वाटून लिहायला सांगा आणि घड्याळ लावा. काम चौपट लवकर होईल, मुले खूश होतील. मग त्यांतल्या एकाला दुसऱ्या दिवशी मुद्दाम वही घरी ठेवून यायला सांगा, आणि परिच्छेद वाचून दाखवा म्हणावे. बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली मांडलेला प्रश्न मुले स्वतःच विचारतील, आणि पाचवी वही हवी होती, हेही तीच सांगतील.